ख्वाजा महमूद गवान : गिलानहून बीदरपर्यंत

बीदरच्या चौबाऱ्यावरून किल्ल्याकडे निघाले की वाटेत महमूद गवानचा मदरसा लागतो. एक मिनार उभा आहे, दुसरा पडला आहे. भिंतीवर कोठे कोठे रंगीत फरशांचे चकाकणारे तुकडे अजून टिकून आहेत. परगावचा पाहुणा आला की आपण त्याला ही इमारत हौसेने दाखवतो आणि बांधणाऱ्याचे नाव सांगतो. पण बांधणारा स्वतःच दूरदेशीचा पाहुणा होता आणि आयुष्याची अखेरची अठ्ठावीस वर्षे त्याने आपल्या या मुलखात काढली, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

इराणच्या उत्तरेस कॅस्पियन समुद्राच्या काठी गिलान नावाचा प्रांत आहे. तेथील गावान या गावी पंधराव्या शतकाच्या आरंभी महमूदचा जन्म झाला. गावाचे नाव त्याच्या नावाला कायमचे चिकटले. घराणे मोठे होते आणि पूर्वजांनी तेथील दरबारात मानाची पदे भोगली होती. परंतु दरबार म्हटला की कारस्थाने आलीच. त्यांना कंटाळून महमूदने वतन सोडले आणि व्यापाराचा मार्ग धरला. देशोदेशी फिरताना तो विद्वानांच्या व साधुपुरुषांच्या संगतीत रमत असे.

इ. स. १४५३ मध्ये तो कोकणातील दाभोळ बंदरात उतरला. तेव्हा त्याने चाळिशी ओलांडली होती. किरमानचे प्रसिद्ध संत शाह नियामतुल्ला यांचे वंशज शाह मुहिबुल्ला त्या वेळी बीदरला राहत असत. त्यांचे दर्शन घ्यावे आणि पुढे दिल्लीला जावे, असा त्याचा बेत होता. आपल्या देशातील एका सत्पुरुषाच्या ओढीने तो बीदरला आला, आणि दिल्ली राहूनच गेली. बहमनी सुलतान अल्लाउद्दीन अहमदशहाने त्याची योग्यता ओळखून त्याला चाकरीत घेतले. पुढे हुमायूनशहाने त्याला मलिक-उत्-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा, हा किताब दिला. तिसऱ्या महंमदशहाच्या काळात तर राज्याचा सर्व कारभार त्याच्याच हाती आला.

त्याने केलेली कामे इतिहासाच्या पुस्तकांतून आपण वाचतोच. कोकणातील विशाळगड त्याने घेतला आणि १४७२ मध्ये गोवा जिंकला. राज्याचे चार सुभे होते, त्यांचे आठ केले. एका सुभेदाराच्या हाती एकच किल्ला ठेवून बाकीचे सुलतानाच्या ताब्यात दिले. जमिनीची मोजणी करविली. त्याच सुमारास बीदरचा तीन मजली मदरसा उभा राहिला. त्यात सुमारे तीन हजार ग्रंथ होते असे सांगतात. इमारतीची धाटणी इराण व समरकंदकडची आहे. घराकडे परतता येत नसलेल्या माणसाने घराकडील शिक्षणाची रीत येथे आणून बसवली, असेच म्हणावे लागेल.

पण या वजिराचे मन आपल्याला कळते ते त्याच्या पत्रांतून. पत्रलेखनाच्या कलेवर त्याने फारसीत एक ग्रंथ लिहिला आणि त्याच्या पत्रांचा संग्रह रियाझ-उल्-इन्शा या नावाने प्रसिद्ध आहे. हेरातचा कवी जामी, तुर्कस्तानचा सुलतान, गिलानचे राजे, आप्तस्वकीय अशा अनेकांना त्याने बीदरहून पत्रे धाडली. जामीने बीदरला यावे म्हणून त्याने आग्रह केला. कवी आला नाही, पण स्नेह टिकला. उंटांच्या तांड्यांबरोबर आणि गलबतांतून जाणाऱ्या त्या पत्रांचे उत्तर यायला किती दिवस लागत असतील याची कल्पनाच केलेली बरी! तरीही त्याने हा धागा तुटू दिला नाही.

जग किती लहान असते याचा एक दाखला याच काळात सापडतो. अफानासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी घोडा विकण्यासाठी चौल बंदरात उतरला. त्याचे त्वेर हे गाव व्होल्गा नदीवर, आणि व्होल्गा मिळते कॅस्पियन समुद्रालाच. म्हणजे एकाच समुद्राच्या उत्तर आणि दक्षिण अंगाची ही दोन माणसे बीदरच्या एकाच तटाच्या आत राहून गेली. जुन्नरला तेथील खानाने निकितिनचा घोडा हिसकावून घेतला आणि धर्म बदलण्यासाठी त्याला धाक घातला. तेव्हा एका खोरासानी गृहस्थाने मध्ये पडून त्याची सुटका केली. परदेशात परदेशी माणूसच धावून आला. पुढे निकितिन बीदरला राहिला. आळंदच्या जत्रेतील घोड्यांचा मोठा बाजार त्याने वर्णिला आहे, आणि मलिक-उत्-तुज्जारच्या थोरवीविषयीही लिहिले आहे. त्याची धर्मपुस्तके वाटेत लुटली गेली होती. सणवार कधी येतात हेही त्याला कळेना, म्हणून तो अंदाजाने उपास धरी. अखेर ज्या दाभोळला गवान उतरला होता, तेथूनच निकितिनने परतीचे गलबत धरले. पण घर गाठण्यापूर्वीच स्मोलेन्स्कजवळ त्याचा अंत झाला.

गवानला तर परतण्याचा विचार करायलाही सवड मिळाली नाही. बीदरच्या दरबारात त्या वेळी दोन तट पडले होते. दखनी म्हणजे येथलेच झालेले, आणि आफाकी म्हणजे बाहेरून आलेले. गवानने दोघांनाही सारख्या जागा देऊन तोल सांभाळला. परंतु त्याने सुभेदारांचे अधिकार कमी केले होते, हा राग अनेकांच्या मनात धुमसत होता. त्याची मोहर सांभाळणाऱ्या नोकराला फितवून एका कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेण्यात आला, आणि त्या कागदावर ओरिसाच्या राजाला स्वारीचे आमंत्रण देणारा मजकूर लिहिला गेला. सुलतानाने कोंडापल्लीच्या छावणीत वजिराला बोलावले. हितचिंतकांनी गुजरातेत निघून जाण्याचा सल्ला दिला, पण तो ऐकला नाही. शिक्का आपला आहे, मजकूर आपला नाही, इतकेच तो सांगू शकला. ५ एप्रिल १४८१ रोजी सत्तरी ओलांडलेल्या त्या वृद्धाचा शिरच्छेद झाला. ज्याने आयुष्यभर पत्रांनी माणसे जोडली, त्याचा घात एका खोट्या पत्राने केला!

सुलतानाला पश्चात्ताप झाला, पण उशिरा. मालमत्तेची चौकशी केली तेव्हा घरात फारसे काही सापडले नाही. वतनाहून आणलेल्या भांडवलावर व्यापार करून तो आपला खर्च चालवी, असे इतिहासकार फेरिश्ता सांगतो. वर्षभरातच महंमदशहाही वारला आणि पुढे बहमनी राज्याची शकले झाली. गवानची साधी कबर बीदरच्या जवळच आहे.

आपण सीमाभागातील मंडळी. घरात मराठी, बाजारात कन्नड, शेजारी दखनी. आपल्यातले कितीतरी जण शिक्षण संपले की पुण्याला, हैदराबादला, आखाती देशांत किंवा अमेरिकेत जातात. तेथे कोणी भालकीचा, बसवकल्याणचा, आळंदचा भेटला की परकी जागा क्षणात घरची होते. अशा वेळी गवानची आठवण ठेवावी. त्याने गिलानला पत्रे लिहिणे सोडले नाही, आणि ज्या गावाने त्याला ठेवून घेतले त्या गावाला मदरसा देण्यातही हात आखडला नाही. आणि येथे शिकायला किंवा पोटासाठी कोणी बाहेरचा आला, तर तो आपला की परका हे ठरवण्याची घाई करण्यापूर्वी कोंडापल्लीची ती छावणीही आठवावी.