नाथांची दृष्टी

सज्जनहो, दुसऱ्याच्या करणीचा वाईटच अर्थ आधी का घ्यावा? श्रीएकनाथमहाराजांचे चरित्र पाहा. देवगिरीस जनार्दनस्वामींची सेवा करून नाथ पैठणास संसारात राहिले. रात्री घरात चोर शिरले, तर नाथांना त्यांची भूक आधी दिसली. त्यांनी पाने वाढली, असे परंपरा सांगते.

नाथांच्या वाट्याला मात्र उलट आले. भागवताच्या एकादश स्कंधावर प्राकृतात टीका लिहिली म्हणून काशीच्या पंडितांनी ग्रंथ न ऐकताच दोष ठेवला, अशी आख्यायिका आहे. आम्हीही पाठशाळेत संस्कृत घोकले. विद्येचा हा ताठा आमच्या ओळखीचा! ऐकल्यावर त्याच पंडितांनी गौरव केला म्हणतात. शके १४९५ (सन १५७३) मध्ये टीका काशीतच पुरी झाली.

शके १५०६ (सन १५८४) मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली. पाठ जिथे अडला, तिथे माउलींना बोल लावला नाही. सुमारे तीनशे वर्षांच्या नकलांत तो बिघडला, हे ओळखून प्रती ताडून पाहिल्या.

शके १५२१, फाल्गुन वद्य षष्ठीस नाथांनी देह ठेवला. बाबांनो, नाथषष्ठीच्या गर्दीत कुणाचा धक्का लागला, तर मुद्दाम मारला असं म्हणू नका. मागून रेटा आला असेल. आधी वळून त्याचं तोंड तरी पाहा.