फादर थॉमस स्टीफन्स

इजिप्तच्या लोकांनीं आपली प्राचीन भाषा ग्रीक अक्षरांत लिहिण्यास आरंभ केला, तीच कॉप्टिक. पुढें अरबीनें तिला घरांतून व बाजारांतून घालविलें, परंतु तेथील ख्रिस्ती लोकांच्या उपासनेंत ती आजही टिकून आहे. विद्यार्थिमित्रहो, आपल्या मराठीनेंही एकदां असाच परक्या लिपीचा वेष घेतला होता, आणि तो चढविणारा होता एक इंग्रज!

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म सुमारें १५४९ सालीं विल्टशायर परगण्यांत झाला. १५७५ मध्यें रोम येथें ते येशूसंघांत शिरले, व १५७९ च्या एप्रिलांत लिस्बनहून निघून ऑक्टोबरांत गोव्यास पोंचले. उरलेलें आयुष्य त्यांनीं बहुतेक साष्टींत घालविलें. (वसईच्या खाडीपलीकडील साष्टी नव्हे, गोव्यांतील.)

नव्या ख्रिस्ती लोकांचीं जुनीं पुराणें सुटलीं होतीं, आणि त्यांच्या जागीं कानांस गोड लागेल असें कांहींच नव्हतें. ही उणीव ओळखून स्टीफन्स यांनीं ओवीछंदांत ख्रिस्तपुराण रचिलें. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ सालीं राशोल येथें रोमन अक्षरांत छापला गेला. लिपी परकी, पण वाणी अस्सल मराठी! परदेशस्थानें आपल्या भाषेवर एवढें प्रभुत्व मिळवावें, ही सामान्य गोष्ट नव्हे.

१६१९ मध्यें ते निवर्तले. १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें गोव्यांत देशी भाषेविरुद्ध फर्मान काढलें. पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. तथापि मंगळूरकडील ख्रिस्ती कुटुंबांनीं हस्तलिखितें जपलीं, म्हणून १९०७ सालीं तेथें ग्रंथ पुन्हां छापतां आला. तोही रोमन लिपींतच. छापील देवनागरी वेष त्यास १९५६ सालीं पुण्यांत शांताराम बंडेलू यांच्या हातून मिळाला.