पुस्तकी किंमत एक रुपया

रोल्स रॉईस गाडीला मी आयुष्यात पहिल्यांदा हात लावला, तो ती कवडीमोलाची आहे असे लिहून देण्यासाठी.

गोष्ट 1989 सालची. मी तेव्हा दक्षिण महाराष्ट्रातल्या एका गावी बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. एका जुन्या खातेदाराचा कर्जासाठी अर्ज आला. घराणे पूर्वीच्या लहानशा जहागिरीचे. जहागीर गेली, पडका वाडा आणि थोडी जमीन उरली. पण गावात त्यांना अजूनही सगळे सरकारच म्हणत. कर्ज कशासाठी, तर आजोबांची मोटार दुरुस्त करण्यासाठी. तारण काय, तर तीच मोटार.

मी पाहणीला गेलो. गोठ्याशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली, विटांवर चढवून ठेवलेली ती गाडी उभी होती. रोल्स रॉईसचे ट्वेंटी नावाचे मॉडेल, 1920 नंतरच्या दशकातले. दारांचे लाकूड वाळवीने पोखरलेले, मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली. सरकारांनी बॉनेट उघडले, समोरून हँडल घातले आणि एक फेरा दिला. इंजिन सुरू झाले नाही, पण अडकलेही नाही. जड जाते फिरावे तसे ते शांतपणे फिरले. दर दसऱ्याला झेंडूची माळ घालून आणि तेल सोडून ते हा एक फेरा देत. हँडल काढता काढता त्यांनी मला विचारले, साहेब, हे ज्याने बनवले तो माणूस कोण असेल हो?

मला सांगता आले नाही. चॅसीवरचा नंबर मी वहीत उतरवून घेतला आणि शाखेत येऊन अहवाल लिहिला. हिशेबाच्या शास्त्रात यंत्राची किंमत दरवर्षी घसारा वजा जाऊन कमी होते. सगळी संपली की वहीत नाव राहावे म्हणून एक रुपया ठेवतात. मी कर्ज नामंजूर करावे अशी शिफारस केली. नियमाने ती बरोबर होती. सरकारांचा प्रश्न मात्र मनात राहून गेला. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा मी त्याचे उत्तर शोधायला बसलो.

माझी समजूत होती की राजेरजवाड्यांची ही गाडी कुणा लॉर्डनेच बनवली असणार. ती निम्मीच खरी निघाली. जोडनावातला रोल्स हा खरोखर लॉर्डचा मुलगा, केंब्रिजला शिकलेला, मोटारींचा आणि विमानांचा शौकीन. पण गाडी बनवली ती रॉईसने, आणि त्याच्या घरात एके काळी खायची भ्रांत होती.

फ्रेडरिक हेन्री रॉईस 27 मार्च 1863 रोजी इंग्लंडमधल्या पीटरबरोजवळच्या ऑल्वॉल्टन या खेड्यात जन्मला. पाच भावंडांतला सर्वांत धाकटा. वडील पिठाची गिरणी चालवत. गिरणी बुडाली, कुटुंब लंडनला आले, आणि हेन्री नऊ वर्षांचा असताना वडील गेले. शाळा त्याला जेमतेम वर्षभर मिळाली. पोरवयात त्याने रेल्वेच्या स्टॉलवर वर्तमानपत्रे विकली, घरोघर तारा पोचवल्या. एका मावशीने पैसे भरले म्हणून पीटरबरोच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये तो उमेदवारीवर लागला. तीन वर्षांनी मावशीचे पैसे संपले आणि शिक्षणही तिथेच थांबले. हातात दाखला नाही. लीड्सला एका कारखान्यात आठवड्याला अकरा शिलिंगवर राबायचे, पुढे लंडनच्या वीज कंपनीत नोकरी, मग लिव्हरपूलला रस्त्यांवर आणि नाटकगृहांत विजेचे दिवे बसवायचे, असे दिवस गेले.

1884 साली रॉईसने साठवलेले वीस पौंड आणि अर्नेस्ट क्लेअरमाँट या मित्राचे पन्नास पौंड, एवढ्या भांडवलावर दोघांनी मँचेस्टरच्या कुक स्ट्रीटवर दुकान टाकले. माझ्यासारख्या कर्ज अधिकाऱ्यासमोर हे दोघे आले असते तर मी त्यांना चहा पाजून परत पाठवले असते. विजेच्या घंट्या, दिव्यांचे होल्डर असला किरकोळ माल ते बनवत. वर्कशॉपच्या वरच्या खोलीत राहायचे आणि कामाच्या भट्टीवरच स्वयंपाक शिजवायचा. पुढे डायनॅमो आले, विजेवर चालणाऱ्या क्रेन आल्या. क्रेनचे नाव झाले. 1893 साली दोघा मित्रांनी दोन सख्ख्या बहिणींशी लग्ने केली. नट्सफोर्डला रॉईसने घर बांधले. बागेची त्याला फार हौस, पण दिवसा वेळ कुठला? म्हणून बागेत विजेचे दिवे लावून तो रात्री झाडांची मशागत करी. जेवणाचे भान नसे. दुधाचा पेला घेऊन वर्कशॉपमध्ये एक पोरगा त्याच्या मागे मागे फिरे, असे सांगतात.

देह हा हिशेब कधीतरी मागतोच. 1902 साली रॉईसची प्रकृती ढासळली. धंद्यातही स्वस्त परदेशी क्रेन आल्या होत्या. डॉक्टरांच्या आणि घरच्यांच्या आग्रहावरून तो बायकोसह दक्षिण आफ्रिकेच्या लांब सफरीवर गेला. विश्रांती म्हणून बोटीवर त्याने काय वाचले, तर मोटारींच्या रचनेवरचे पुस्तक. परत आल्यावर त्याने एक मोटार घेतली. फ्रेंच बनावटीची, दोन सिलिंडरची डेकोव्हिल. तीही सेकंडहँड.

इथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या मोटारीची सुरुवात एका जुन्या गाडीच्या खरेदीतून झाली होती.

डेकोव्हिल त्या काळच्या मानाने वाईट गाडी नव्हती. पण ती खडखडे आणि तापे, विजेची ठिणगी वेळेवर पडेलच याची खात्री नसे. दुसरा कोणी असता तर त्याने गॅरेजवाल्याला शिव्या दिल्या असत्या, नाहीतर गाडी विकून टाकली असती. रॉईसने ती पूर्ण उघडली. एकेक भाग टेबलावर मांडला, मोजला, तो असाच का आहे हे स्वतःला विचारले आणि जिथे उत्तर पटले नाही तिथे नवा भाग घडवला. पण अशी किती ठिगळे लावणार? शेवटी त्याने ठरवले की डेकोव्हिलचा आराखडा समोर ठेवून आपणच तीन गाड्या बनवायच्या. भागीदार क्लेअरमाँटला हे वेडच वाटले असणार, कारण घर चालत होते ते क्रेनवर. एप्रिल 1904 मध्ये दहा हॉर्सपॉवरची पहिली रॉईस गाडी कुक स्ट्रीटवरून बाहेर पडली आणि नट्सफोर्डच्या घरापर्यंत धावली.

रॉईसने मोटारीचा शोध लावला नाही. त्याच्या या गाडीत अमुक एक क्रांतिकारक कल्पना होती असे कोणी म्हणत नाही. त्याने जुनी गाडी दुरुस्त केली, आणि ती दुरुस्ती इतकी मुळापर्यंत नेली की नवी गाडी तयार झाली.

चार्ल्स रोल्स लंडनमध्ये परदेशी मोटारी विकत असे आणि चांगल्या इंग्लिश गाडीच्या शोधात होता. हेन्री एडमंड्स या दोघांच्या परिचिताने 4 मे 1904 रोजी मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात त्यांची भेट घालून दिली. एक सव्वीस वर्षांचा लॉर्डपुत्र, दुसरा चाळिशी उलटलेला, दाढी राखलेला मिस्त्री. दोन सिलिंडरची गाडी थरथरणारच, असे रोल्सचे मत होते. ही गाडी थरथरत नव्हती. रॉईस जेवढ्या गाड्या बनवेल तेवढ्या आपण घेऊ, असा करार त्याने वर्ष संपण्याआधीच केला. 1906 साली रोल्स रॉईस लिमिटेड उभी राहिली.

त्याच वर्षी सहा सिलिंडरची 40/50 हॉर्सपॉवरची गाडी आली. तिच्यातल्या एका चंदेरी गाडीला 1907 साली सिल्व्हर घोस्ट नाव मिळाले आणि पुढे सगळे मॉडेलच त्या नावाने ओळखले गेले. कंपनीने ती गाडी पंधरा हजार मैल पळवली आणि मग ब्रिटनच्या ऑटोमोबाईल क्लबच्या तज्ज्ञांसमोर उघडून ठेवली. कुठला भाग किती झिजला तो मोजा आणि नव्यासारखी करायला लागेल तेवढा खर्च सांगा, असे आव्हानच होते ते. चॅसीची किंमत होती 985 पौंड. बदलायच्या भागांचे बिल झाले दोन पौंडांहून थोडेसेच जास्त. बँकेत मी तीस वर्षे घसारा कागदावर मोजला. या माणसाने तो लोखंडावर मोजून दाखवला होता.

आपल्या घाटांनीही त्या गाडीची परीक्षा घेतली. 1908 साली मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची चाचणी झाली. सह्याद्रीचे चढ, तेव्हाचे रस्ते. त्यात चमकलेल्या सिल्व्हर घोस्टला पर्ल ऑफ द ईस्ट म्हणत, आणि ती पुढे ग्वाल्हेरच्या महाराजांनी घेतली. हिंदुस्थानातल्या संस्थानिकांची या गाडीवर जी मर्जी बसली तिची ही सुरुवात. सरकारांच्या आजोबांपर्यंत ती अशीच उतरली असेल.

जुनी गाडी पुन्हा उभी करणारे लोक एक गोष्ट आवर्जून सांगतात. रोल्स रॉईस कंपनी तेव्हा फक्त चॅसी आणि इंजिन विकत असे. वरची बॉडी घोडागाड्या बांधणारे जुने कारखाने लाकडी सांगाड्यावर पत्रा चढवून करत. म्हणून अशी गाडी घेताना चकाकणाऱ्या रंगावर जाऊ नये. आधी दारे उघडून लाकूड टोचून पाहावे. इंजिनाच्या आणि चॅसीच्या नंबरांचा मेळ कागदपत्रांशी बसतो का ते पाहावे. वायरिंगवरचे कापड कुजलेले असणारच, ते सगळे बदलावे लागते. बेअरिंगमध्ये व्हाईट मेटल ओतून ते पुन्हा घासावे लागते, आणि ते ओतणारे हात आता थोडे उरले आहेत. पण चॅसी सहसा दगा देत नाही. रॉईसचा रिव्हेटवर विश्वास नव्हता. भोके नेमकी घासून तो त्यांत निमुळते बोल्ट बसवी. जे नीट जोडले आहे ते शंभर वर्षांनी नीट उघडताही येते.

आता या कहाणीचे दुसरे पान. जुलै 1910 मध्ये रोल्स बोर्नमथला विमान अपघातात गेला, वय अवघे बत्तीस. पुढच्याच वर्षी रॉईस गंभीर आजारी पडला. पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली. तो फार दिवस काढेल असे डॉक्टरांना वाटत नव्हते. कंपनीचा कारभार पाहणाऱ्या क्लॉड जॉन्सनने त्याला डर्बीच्या कारखान्यापासून दूर नेले, कारण कारखान्यात पाऊल टाकले की हा माणूस जेवणखाण विसरणार हे त्याला पक्के ठाऊक होते. हिवाळ्यात दक्षिण फ्रान्समधले ल कानादेल, उन्हाळ्यात इंग्लंडचा समुद्रकिनारा, असे पुढचे आयुष्य गेले. पत्नी मिनीपासून तो वेगळा झाला. एथेल ऑबिन नावाच्या परिचारिकेने त्याला अखेरपर्यंत सांभाळले. ज्याने हजारो इंजिने बिनतक्रार चालती ठेवली त्याला स्वतःचे घर आणि शरीर काही सांभाळता आले नाही. त्याचे कौतुक करताना हा खर्चही लिहायला हवा.

काम मात्र थांबले नाही. आरेखक त्याच्या घराजवळ राहत आणि आराखडे टपालाने डर्बीला जात. पहिल्या महायुद्धातले ईगल हे विमानाचे इंजिन असेच झाले. 1919 साली अल्कॉक आणि ब्राऊन यांनी कुठेही न थांबता अटलांटिक ओलांडला तो दोन ईगल इंजिनांवर. आणि 1922 साली आलेली ट्वेंटी, म्हणजे सरकारांच्या शेडमधली गाडी, तीही या आजारी माणसाने कारखान्यापासून दूर बसून आखलेली होती.

1930 साली त्याला बॅरोनेट किताब मिळाला. तरी तो स्वतःला मेकॅनिकच म्हणवून घेई. 22 एप्रिल 1933 रोजी वेस्ट विटरिंगच्या घरी त्याचे निधन झाले. अंथरुणावर असतानाही त्याने शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या सुधारणेचे एक रेखाटन करून ते कारखान्यात पाठवायला सांगितले होते, असे सांगतात. त्याच्या अस्थी आता ऑल्वॉल्टनच्या चर्चमध्ये आहेत, जिथून गिरणी बुडाली म्हणून कुटुंब निघाले होते तिथेच.

सरकार गेले. मुलाने गाडी मुंबईच्या एका शौकिनाला विकली. काही वर्षांपूर्वी जुन्या मोटारींच्या रॅलीत गर्दीत उभा असताना एक ट्वेंटी समोरून गेली आणि पुढे जाऊन थांबली. मी मालकाची परवानगी घेऊन चॅसीचा नंबर पाहिला. माझी जुनी वही घरी होती, पण तो आकडा मी विसरलो नव्हतो. तीच होती.

गाडीशेजारी सत्तरीचा एक मिस्त्री फडक्याने बॉनेट पुसत होता. चार वर्षे लागली, म्हणाला. लाकूड सगळे नवे, निम्मे भाग त्याने लेथवर स्वतः काढलेले. चॅसी आणि इंजिनाचा ब्लॉक मात्र मूळचेच. मी त्याला रॉईसची सगळी हकीकत सांगितली, पेपर विकण्यापासून अस्थींपर्यंत. त्याने हात न थांबवता ऐकले आणि एकच विचारले, की तो काम शिकला किती वर्षे?

तीन, मी म्हणालो. तीही अर्धवट.

मिस्त्रीने मान हलवली आणि तो पुढचा दिवा पुसू लागला. त्याची स्वतःची उमेदवारी किती वर्षांची, हे विचारायचे माझ्याकडून राहूनच गेले.