विश्लेषण : जॅझमधला सोलो ऐनवेळी सुचतो कसा? गिटार शिकणाऱ्यांनी ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट का ऐकावेत?

लोणावळ्याहून नागफणीला निघालेली तरुण मंडळी कुरवंडे गावात गाड्या लावतात, तेव्हा एखाद्याच्या पाठीवर हमखास गिटार असते. चार कॉर्ड येत असतात, त्यावर दहा-बारा गाणी निघतात आणि सगळा गट सूर धरतो. पण मधल्या जागेत थोडा सोलो वाजव, असे कोणी म्हटले की तोच हात थबकतो. कॉर्ड पाठ आहेत, स्केलही पाठ आहे, तरी काय वाजवायचे ते सुचत नाही. याचे उत्तर जॅझवादकांकडे आहे आणि त्याचे नाव आहे अर्पेजिओ. हे उत्तर समजून घेण्यासाठी अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. गोव्यातील हळदोणे गावी जन्मलेल्या आणि मुंबईत ‘भारताचे लुई आर्मस्ट्राँग’ म्हणून गाजलेल्या एका वादकाचे आयुष्य पाहिले तरी ते उलगडते.

चिक चॉकलेट कोण होते?

त्यांचे खरे नाव आंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६ चा, बार्देश तालुक्यातील हळदोण्याचा. मुलाने मेकॅनिक व्हावे, अशी आईची इच्छा होती. हाताला पक्के काम असावे, हा त्यामागचा साधा हिशेब. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज राजवट होती आणि गावोगावच्या चर्चशी जोडलेल्या शाळांत मुलांना संगीत शिकवले जाई. स्वरलिपी वाचणे, ती पाहून गाणे, व्हायोलिन धरणे, प्रार्थनेच्या वेळी गायकवृंदात उभे राहणे, अशी ती तालीम असे. या शाळांतून तयार झालेली मुले पुढे मुंबई, कलकत्ता, मसुरी अशा ठिकाणच्या हॉटेलांत आणि मूकपटांच्या थिएटरांत वाजवू लागली. समोर कागद ठेवला की पहिल्याच नजरेत तो वाजवायचा, ही त्यांची ख्याती होती.

मात्र जॅझची मागणी नेमकी उलटी होती. तिथे कागद संपतो आणि वादकाला एकट्याने उभे राहावे लागते. मूळ चालीच्या खाली वाजणाऱ्या कॉर्ड तशाच सुरू राहतात, त्यांच्यावर नवी सुरावट जागच्या जागी रचायची असते. चर्चच्या शाळेत हे कोणी शिकवत नव्हते.

मग हे शिकवले कोणी?

दोन गोष्टींनी. पहिली म्हणजे ग्रामोफोनच्या तबकड्या आणि दुसरी म्हणजे मुंबईत आलेले कृष्णवर्णीय अमेरिकी वादक. १९३५ मध्ये व्हायोलिनवादक लिऑन ॲबी आपला जॅझ बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आले. त्यांच्यामागून ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. वेदरफर्ड पुढे भारतातच रमले आणि १९४५ मध्ये कलकत्त्यात पटकीने गेले. त्यांच्या बँडमध्ये भारतीय वादकही वाजवत. कागदावर न मावणारी लय आणि सुरांची ओढ या वादकांना अशी शेजारी बसून मिळाली.

चिक यांचे दैवत होते लुई आर्मस्ट्राँग. त्यांचे ट्रम्पेट, त्यांचा घोगरा आवाज, हातातला रुमाल, चेहऱ्यावरचे हावभाव हे सगळे चिक यांनी उचलले. आज कोणी याला नक्कल म्हणेल. पण आपल्याकडे शिष्य गुरूच्या मागे बसून वर्षानुवर्षे गुरूसारखेच गातो, त्याला आपण तालीम म्हणतो. जॅझमध्येही रिवाज तोच आहे. आधी दुसऱ्याचा सोलो कानाने उतरवून घ्यायचा, तो हुबेहूब वाजवायचा आणि तो कशाचा बनला आहे ते शोधायचे.

आर्मस्ट्राँग यांच्या सोलोत काय सापडते?

बऱ्याच वेळा सापडतात ते कॉर्डचे मोकळे केलेले सूर. त्यांनी १९२८ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या ‘वेस्ट एंड ब्लूज’ची सुरुवात एकट्या ट्रम्पेटने होते. साथीला कोणीही नसताना नुसत्या ट्रम्पेटवर कॉर्ड ऐकू येतात, कारण त्यातले सूर एकापाठोपाठ एक येतात. यालाच अर्पेजिओ म्हणतात. सा, ग आणि प एकदम वाजवले की कॉर्ड, एकेक करून वाजवले की अर्पेजिओ.

ट्रम्पेटला हे जवळचे का, याचे कारण त्या वाद्याच्या घडणीत आहे. लष्करी तळावरचा बिगुल आठवून पाहा. त्याला बटणे नसतात. ओठांच्या ताणावर त्यातून जे मोजके सूर निघतात ते सगळे सा, ग, प याच कुटुंबातले असतात. म्हणजे बिगुलाचा प्रत्येक इशारा हा एक अर्पेजिओच असतो. आर्मस्ट्राँग यांनीही न्यू ऑर्लिन्सच्या सुधारगृहात असताना बिगुल वाजवला होता. ट्रम्पेटला बटणे आली आणि बाकीचे सूर मिळाले, पण एका वेळी एकच सूर ही मर्यादा कायम राहिली. त्यामुळे कॉर्ड दाखवायची तर ती फोडूनच दाखवावी लागते.

गिटारचे नेमके उलटे आहे. सहा तारा एकदम छेडता येतात, म्हणून वादकाला कॉर्ड म्हणजे बोटांची एक पकड एवढेच ठाऊक असते. त्या पकडीत कोणते सूर आहेत, याचा विचार करायची वेळ येत नाही. चिक यांच्याच वर्षी, १९१६ मध्ये जन्मलेल्या चार्ली ख्रिश्चन या अमेरिकी गिटारवादकाने ही अडचण सोडवली. १९३९ मध्ये बेनी गुडमन यांच्या बँडमध्ये दाखल झाल्यावर विजेवर चालणाऱ्या गिटारवर तो ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनसारख्या एकसुरी ओळी वाजवू लागला. १९४२ मध्ये अवघ्या पंचविसाव्या वर्षी तो क्षयाने गेला. जॅझ गिटारचा सोलो मात्र तेव्हापासून फुंकून वाजवायच्या वाद्यांच्या वाटेने चालला आहे.

गिटारवर हे कसे शिकायचे?

सी हा आपला षड्ज धरू. जॅझमध्ये तीन कॉर्डची एक जोडसाखळी सतत भेटते: डी मायनर सेव्हन, जी सेव्हन आणि सी मेजर सेव्हन. यांचे सूर सरगममध्ये मांडले तर पहिल्या कॉर्डचे रे म ध सा, दुसरीचे प नी रे म आणि तिसरीचे सा ग प नी. सगळे शुद्ध स्वर. आपल्या संगीतात तानपुऱ्याचा षड्ज अखेरपर्यंत स्थिर असतो. इथे मात्र पायाखालची जमीन दर काही मात्रांनी बदलते. नुसते स्केल वरखाली वाजवणारा या बदलाची दखल घेत नाही, म्हणून त्याचा सोलो चुकत नसला तरी कुठे पोहोचतही नाही.

किल्ली आहे दोन कॉर्डच्या सांध्यात. पहिल्या कॉर्डमधला सा अर्धा स्वर खाली आला की दुसऱ्या कॉर्डचा नी मिळतो. दुसऱ्या कॉर्डमधला म अर्धा स्वर उतरला की तिसऱ्या कॉर्डचा ग मिळतो. ही दोन पावले नेमक्या वेळी पडली, तर साथीला कोणी नसतानाही ऐकणाऱ्याला कॉर्ड बदललेली कळते.

गिटारवर चौथ्या ते आठव्या फ्रेटच्या आत हे करून पाहता येते. दर कॉर्डला चार मात्रा, प्रत्येक मात्रेला एक सूर. पहिल्या कॉर्डवर पाचव्या तारेचा पाचवा फ्रेट (रे), त्याच तारेचा आठवा (म), चौथ्या तारेचा सातवा (ध), तिसऱ्या तारेचा पाचवा (वरचा सा). कॉर्ड बदलताच तिसऱ्या तारेचा चौथा (नी), मग चौथ्या तारेचा पाचवा (प), पाचव्या तारेचा पाचवा (रे) आणि आठवा (म). पुन्हा कॉर्ड बदलताच पाचव्या तारेचा सातवा (ग), चौथ्या तारेचा पाचवा (प), तिसऱ्या तारेचा चौथा (नी) आणि पाचवा (सा).

हे हातात बसले की याच सुरांचा क्रम बदलायचा. मग काही मात्रा मोकळ्या सोडायच्या, कारण श्वास घेतल्याशिवाय ट्रम्पेट वाजत नाही आणि गिटारवादक नेमका तो श्वासच विसरतो. त्यानंतर कॉर्डच्या सुराआधी शेजारचा एखादा सूर ओझरता लावायचा. सूर वाजवण्याआधी तोंडाने गायचा. कुरवंड्याहून नागफणीला जाताना देऊळ, ओढा, कडा या खुणा ठरलेल्या असतात, मधली पावले ज्याची त्याची असतात. सोलोचेही तसेच आहे. अर्पेजिओ म्हणजे या खुणा.

चिक यांना यश कसे मिळाले?

१९४५ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात महत्त्वाचे ठरले. याच वर्षी फेब्रुवारीत लोणावळ्यात, कुरवंड्याच्या वाटेवर, नौदलाची ‘शिवाजी’ ही यंत्रविद्येचे प्रशिक्षण देणारी संस्था सुरू झाली. आईच्या मनातला मेकॅनिक घडवणारी ती जागा होती. मुलगा मात्र त्या सुमारास मुंबईत अपोलो बंदरावरच्या ग्रीन्स हॉटेलात ‘चिक अँड द म्युझिक मेकर्स’ या आपल्या बँडसाठी कंत्राट मिळवत होता. पुढे हा बँड शेजारच्या ताजमध्ये वाजू लागला.

पण हॉटेलांचा तो बहर टिकणारा नव्हता. इंग्रज गेले, नाचायला येणारा वर्ग पांगला आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हॉटेलांच्या संध्याकाळी सुन्या केल्या. वादकांना दुसरे दार शोधणे भाग पडले आणि ते दार हिंदी चित्रपटाचे होते.

चित्रपटात त्यांनी काय केले?

तिथे त्यांची गाठ पडली सी. रामचंद्र यांच्याशी. पुणतांब्यात जन्मलेले रामचंद्र चितळकर पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेले. एकाकडे रागाची तालीम, दुसऱ्याकडे स्वरलिपी आणि कॉर्ड. चाल संगीतकाराने गाऊन दाखवायची आणि गोव्याच्या साहाय्यकाने ती कागदावर उतरवून कोणत्या वाद्याने कुठे काय वाजवायचे ते लिहून काढायचे, अशी त्या काळातल्या स्टुडिओची पद्धत होती. चिक हे सी. रामचंद्र यांचे असे साहाय्यक झाले.

या जोडीचे ठळक फळ म्हणजे भगवानदादांचा १९५१ चा ‘अलबेला’. ‘शोला जो भडके’ हे लता मंगेशकर आणि चितळकर यांचे गाणे आजही लग्नाच्या वरातीत वाजते. या चित्रपटात चिक यांचा बँड पडद्यावरही दिसतो. गाण्यामधल्या ट्रम्पेटच्या जागा पुन्हा ऐका. त्या लांब नाहीत, पण त्यांच्यात कॉर्डचे सूर मोकळे होताना कानाला कळतात. त्याच वर्षी देव आनंद आणि मधुबाला यांच्या ‘नादान’ला आणि पुढच्या वर्षी ‘रंगीली’ला चिक यांनी स्वतः संगीत दिले.

मग खंत कशाची?

चित्रपटाने त्यांना काम दिले, पण त्यांची खरी विद्या अर्धीच वापरली. तीन मिनिटांच्या गाण्यात ऐनवेळच्या सोलोला जागा नसते. तिथे प्रत्येक जागा आधी लिहावी लागते आणि प्रत्येक टेकला तशीच वाजवावी लागते. चर्चच्या शाळेतला कागद असा फिरून पुन्हा समोर आला. ताजच्या मंचावर रात्रीमागून रात्री जे सुचले ते त्याच रात्री विरून गेले. स्टुडिओत वाजवणाऱ्या बहुतेक वादकांची नावे तबकडीवर किंवा पडद्यावर कधी आलीच नाहीत. चिक यांचे नाव काही चित्रपटांवर तरी आले. १९६७ च्या मे महिन्यात, वयाच्या ५१ व्या वर्षी ते गेले.

मेकॅनिक हो, हा आईचा आग्रह त्यांनी मानला नाही, असे वरवर दिसते. खरे तर त्यांनी जे केले ते मेकॅनिकचेच काम होते. चालू यंत्र खोलून त्याचा एकेक भाग पाहायचा आणि तो पुन्हा जोडायचा. कॉर्ड खोलली की अर्पेजिओ दिसतो, तो आपल्या क्रमाने जोडला की सोलो उभा राहतो. सुचणे ही दैवी देणगी आहे असे मानून गिटार खाली ठेवणाऱ्यांसाठी चिक चॉकलेट यांच्या आयुष्याचा अर्थ एवढाच आहे. जे ऐनवेळी सुचल्यासारखे वाटते, ते आधी सुटे करून हातात बसवलेले असते. पुढच्या वेळी नागफणीवर चार कॉर्ड वाजवताना त्यातली एक खोलून पाहायला हरकत नाही.