जिथली वस्तू, तिथेच

मुलांनो, खिशातले एक नाणे काढून नीट पाहा. त्यावर पाठीला पाठ लावून उभे असलेले सिंह दिसतात. आपल्याला तीनच दिसतात. चौथा मागच्या बाजूला आहे. हे आपल्या देशाचे राजचिन्ह. त्याचे मूळ दगडी शिल्प सम्राट अशोकाच्या काळातले, म्हणजे बावीसशे वर्षांहून अधिक जुने आहे. ते कोठे ठेवले आहे, सांगा बरे! दिल्लीत? मुंबईत? नाही. ते वाराणसीजवळच्या सारनाथ या गावी आहे. जेथे ते जमिनीतून बाहेर निघाले, तेथेच शेजारच्या वस्तुसंग्रहालयात आहे. आपण घरी ज्याला अजायबघर म्हणतो, त्यालाच मराठीत वस्तुसंग्रहालय म्हणतात.

इतके मोलाचे शिल्प मोठ्या शहरात का नेले नाही? हे समजण्यासाठी सर जॉन मार्शल यांची ओळख करून घेऊ.

मार्शल यांचा जन्म १९ मार्च १८७६ रोजी इंग्लंडमधील चेस्टर या गावी झाला. केंब्रिज विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले. पुढे ग्रीस आणि क्रीट येथे त्यांनी उत्खननाचा, म्हणजे जुन्या वस्तूंच्या शोधासाठी जमीन खणण्याचा, अनुभव घेतला. त्या वेळी भारतात इंग्रजांचे राज्य होते. लॉर्ड कर्झन हे व्हाइसरॉय होते. त्यांनी १९०२ साली मार्शल यांना पुरातत्त्व खात्याचे प्रमुख नेमले. तेव्हा मार्शल यांना सव्वीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. एवढ्या मोठ्या देशातील जुन्या इमारती, लेणी, मशिदी, मंदिरे आणि स्तूप यांची काळजी या तरुणावर पडली. १९०४ साली प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदाही झाला.

त्यापूर्वी काय होत असे? आंध्रातील अमरावतीची गोष्ट ऐका. तेथे एक भव्य स्तूप होता. त्याच्या संगमरवरासारख्या पांढऱ्या दगडांवर सुंदर नक्षी होती. लोकांनी घरांसाठी व मंदिरांसाठी त्याचे दगड नेले. मग इंग्रज अधिकारी आले. त्यांनी चांगली शिल्पे निवडली आणि काही मद्रासला, काही कलकत्त्याला, तर काही थेट लंडनला पाठवली. शिल्पे वाचली, हे खरे. पण स्तूप गेला. अमरावतीत मातीचा ढिगारा तेवढा उरला. गावातल्या मुलाला आपल्या गावचा स्तूप पाहायचा असेल, तर त्याने कोठे जावे?

भोपाळजवळच्या सांचीच्या स्तूपाचे नशीब मात्र वेगळे होते. त्याचे कोरीव पूर्व तोरण पॅरिसला नेण्याची परवानगी फ्रेंच लोकांनी मागितली होती. इंग्रजांनाही ते हवे होते. तेव्हा भोपाळच्या गादीवर शाहजहान बेगम होत्या. सुदैवाने तोरणाच्या प्लास्टरच्या प्रतिकृती पाहुण्यांना मिळाल्या आणि मूळ तोरण जागेवरच राहिले. शाहजहान बेगम यांनी व त्यांच्यानंतर त्यांची कन्या सुलतान जहान बेगम यांनी या स्मारकासाठी पैसा दिला.

मार्शल यांनी १९१२ ते १९१९ या काळात सांचीचे काम केले. टेकडीवरची झाडी काढली, ढासळलेले भाग पुन्हा बांधले. खणताना मूर्ती, खांबांचे तुकडे, लेख कोरलेले दगड मिळाले. ते सर्व ठेवण्यासाठी टेकडीवरच एक लहान वस्तुसंग्रहालय उभे राहिले. त्याचा खर्च सुलतान जहान बेगम यांनी दिला. मार्शल ज्या विश्रामगृहात राहून लिहीत, तेही त्यांनीच बांधून दिले. मार्शल यांनी सांचीवरील आपला मोठा ग्रंथ त्यांनाच अर्पण केला. विचार करा, स्मारक बौद्धांचे, काळजी घेणाऱ्या राण्या मुसलमान आणि काम करणारा अधिकारी इंग्रज! वारसा जपताना कोणी कोणाचा धर्म विचारला नाही.

सांची हे एकच उदाहरण नव्हते. सारनाथचे संग्रहालय १९१० साली तयार झाले होते, नालंदा येथे १९१७ साली झाले. तक्षशिला येथे मार्शल यांनी १९१३ पासून वीसहून अधिक वर्षे उत्खनन केले. तेथील संग्रहालयाचा पाया १९१८ साली घातला गेला आणि ते १९२८ साली सर्वांसाठी उघडले. आज तक्षशिला पाकिस्तानात आहे. अशा रीतीने लहान लहान संग्रहालयांचे एक जाळेच विणले गेले.

पण केवळ इमारत बांधून संग्रहालय होत नाही. कोणती वस्तू कोठे मिळाली, याची नोंद ठेवावी लागते. वस्तूंची यादी छापावी लागते. सारनाथची यादी दयाराम साहनी यांनी तयार केली; ती १९१४ साली छापली गेली. येणाऱ्या माणसाला वस्तू समजावी, म्हणून मार्शल यांनी सांची व तक्षशिला यांची मार्गदर्शक पुस्तके स्वतः लिहिली. पुस्तक हातात घ्यावे, संग्रहालयातील मूर्ती पाहावी आणि बाहेर येऊन ती जेथे होती ती भिंत पाहावी, अशी ही सोय होती.

मार्शल यांच्याच काळात साहनी यांनी हडप्पा येथे आणि राखालदास बॅनर्जी यांनी मोहेंजोदडो येथे खोदकाम केले. १९२४ साली मार्शल यांनी सिंधू संस्कृतीच्या शोधाची बातमी जगाला दिली. पुढे १९३१ साली साहनी हे पुरातत्त्व खात्याचे पहिले भारतीय प्रमुख झाले.

मार्शल यांचे सर्वच काम निर्दोष नव्हते. खणताना ते मातीच्या थरांकडे पुरेसे लक्ष देत नसत. सरळ खोली मोजत. त्यामुळे कोणती वस्तू कोणत्या काळातली, हे काही ठिकाणी कळेनासे झाले. शिवाय मोहेंजोदडोच्या उत्तम वस्तू आपल्या जागी राहू शकल्या नाहीत. १९४७ साली देशाची फाळणी झाली, तेव्हा त्या वस्तूंचीही वाटणी झाली. एक जुना हार तर तोडून त्याचे मणी दोन देशांत वाटले गेले. हजारो वर्षे मातीखाली अखंड राहिलेला हार माणसांच्या हातून तुटला.

मार्शल १९२८ साली प्रमुखपदावरून उतरले आणि पुढे निवृत्त झाले. १७ ऑगस्ट १९५८ रोजी इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी वाढवलेले ते जाळे मात्र टिकून आहे.

मुलांनो, तुमच्या गावातही एखादा जुना किल्ला, बारव, दर्गा किंवा लेणे असेल. तेथे गेलात तर भिंतीवर नाव कोरू नका, एखादा तुकडा खिशात घालू नका. तो दगड आपल्या जागी आहे, म्हणूनच तो तुमच्या गावाची गोष्ट सांगू शकतो.