पोलादी नळ्यांचा राजमहाल : महाराजा यशवंतराव होळकर आणि इंदूरचा माणिकबाग

इंदूर शहरातील माणिकबाग या प्रासादात आज केंद्रीय वस्तू व सेवा कर आणि उत्पादन शुल्क विभागाचे कार्यालय आहे. कामानिमित्त तेथे येणाऱ्या व्यापाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की, १९३३ साली ही वास्तू पूर्ण झाली तेव्हा जगातील अत्याधुनिक निवासस्थानांमध्ये तिची गणना होत होती. चांदीची सिंहासने आणि नक्षीदार शिसवी पलंग यांऐवजी येथे पोलादी नळ्यांच्या खुर्च्या, काच आणि चकाकत्या धातूचे पलंग व दिव्याची सोय असलेली आरामासने होती. ज्यांच्या इच्छेने हे सर्व घडले ते इंदूर संस्थानचे अखेरचे राज्यकर्ते महाराजा यशवंतराव होळकर (द्वितीय). भारतातील संस्थानिकांच्या वैभवाच्या कथा असंख्य आहेत. परंतु वैभवाची व्याख्याच बदलू पाहणारे संस्थानिक विरळाच. यशवंतरावांचे नाव त्या विरळांमध्ये घ्यावे लागते.

वारसा आणि बालपण

यशवंतरावांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ रोजी इंदूर येथे झाला. मल्हारराव होळकर यांनी अठराव्या शतकात माळव्यात उभे केलेले हे मराठी राज्य. पुण्यश्लोक अहिल्याबाईंनी महेश्वर येथील साध्या वाड्यातून त्याचा कारभार पाहिला आणि देशभर घाट, मंदिरे व धर्मशाळा उभारल्या. इंग्रजांशी झुंजलेले पहिले यशवंतराव याच घराण्यातले. त्यांचेच नाव धारण करणाऱ्या या वारसाच्या वाट्याला मात्र रणांगण नव्हते. ब्रिटिश सार्वभौमत्वाखालील मर्यादित सत्ता आणि तिच्याबरोबर येणारी मोठी संपत्ती हीच त्यांची परिस्थिती होती.

वडील तुकोजीराव (तृतीय) यांची कारकीर्द एका गाजलेल्या प्रकरणाने अकाली संपली. जानेवारी १९२५ मध्ये मुंबईतील मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. आरोपींचे धागेदोरे इंदूर दरबारापर्यंत पोहोचले आणि चौकशी आयोगाला सामोरे जाण्याऐवजी तुकोजीरावांनी फेब्रुवारी १९२६ मध्ये गादी सोडली. वयाच्या अठराव्या वर्षापूर्वीच यशवंतराव महाराज झाले. ते अल्पवयीन असल्याने राज्यकारभार मंडळाकडे राहिला आणि पूर्ण अधिकार त्यांना १९३० साली मिळाले. वडिलांच्या पदत्यागाच्या छायेत राजा झालेल्या या तरुणाला जुन्या दरबारी थाटापासून दूर, स्वतःचे असे काही उभारावेसे वाटले असल्यास नवल नाही.

तत्पूर्वी, १९२४ साली, त्यांचा विवाह कागलच्या घाटगे घराण्यातील संयोगिताबाई यांच्याशी झाला होता. दोघांचेही शिक्षण इंग्लंडमध्ये झाले. यशवंतराव प्रथम चार्टरहाऊस या शाळेत आणि पुढे ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात शिकले. तेथील वास्तव्यात युरोपमधील नव्या चित्रकलेशी, शिल्पकलेशी आणि गृहसजावटीशी त्यांचा परिचय झाला. फ्रेंच लेखक आंरी-पिएर रोशे यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. रोशे यांच्यामुळे पॅरिसमधील कलावंतांच्या कार्यशाळांची आणि जाक दूसे यांच्यासारख्या संग्राहकांच्या दालनांची द्वारे या तरुण दांपत्यासाठी खुली झाली. छायाचित्रकार मॅन रे यांनी टिपलेली या दोघांची छायाचित्रे आजही त्या काळाची साक्ष देतात. त्यांत रत्नालंकारांनी मढलेले राजा-राणी दिसत नाहीत. एकमेकांच्या सहवासात रमलेले एक आधुनिक जोडपे दिसते.

पोलाद घरात आले

यशवंतरावांनी निवडलेल्या वस्तूंचे महत्त्व कळण्यासाठी त्या काळी पोलादाने घरात कसा प्रवेश केला, हे पाहणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकात पोलाद रेल्वेचे रूळ, पूल, तोफा आणि यंत्रे यांसाठी होते. घरात ते चाकू-कात्रीच्या रूपाने येई किंवा तुळयांच्या रूपाने भिंतीत दडलेले असे. बैठकीच्या दालनात त्याला मानाचे स्थान नव्हते.

ही स्थिती १९२५ च्या सुमारास बदलली. जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेत अध्यापन करणारे मार्सेल ब्रॉयर यांचे लक्ष आपल्या सायकलच्या वाकवलेल्या हॅण्डलकडे गेले. जी नळी माणसाचे ओझे पेलते आणि तरीही हलकी असते, तिची खुर्ची का करू नये, असा विचार त्यांनी केला. सांधा नसलेली पोलादी नळी तयार करण्याची पद्धत जर्मनीतील मानेसमान बंधूंनी १८८० च्या दशकातच शोधली होती. अशी नळी वाकवताना सांध्यावर उकलण्याची भीती नसते. पुढे तिच्यावर क्रोमियमचा मुलामा देण्याचे तंत्र विकसित झाले आणि गंजण्याचा प्रश्नही बराचसा सुटला. पोलाद लवचीक असल्याने मागचे पाय नसलेली, बसणाऱ्याच्या भाराने किंचित झुलणारी खुर्चीही शक्य झाली. लाकडाच्या खुर्चीला जे वजन आणि जेवढी जाडी लागते, तिची येथे गरज उरली नाही.

या फर्निचरमागे एक सामाजिक स्वप्नही होते. कारखान्यात मोठ्या संख्येने तयार होणारी, स्वच्छ करण्यास सोपी आणि सामान्य कुटुंबाला परवडणारी वस्तू, अशी तिच्या निर्मात्यांची कल्पना होती. प्रत्यक्षात मात्र वाकवलेल्या नळ्या, क्रोमियमचा मुलामा आणि उत्तम चामडे यांमुळे या वस्तू महाग पडल्या. कामगारांच्या घरासाठी कल्पिलेले पोलाद प्रथम श्रीमंतांच्या दिवाणखान्यात पोहोचले. माणिकबाग हे या विरोधाभासाचे सर्वांत ठळक उदाहरण ठरले.

माणिकबागेची उभारणी

ऑक्सफर्डच्या काळातच यशवंतरावांची जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुटेझियस यांच्याशी ओळख झाली. मुटेझियस त्यांच्याहून अवघे चार वर्षांनी मोठे होते. त्यांचे वडील हेरमान मुटेझियस हे जर्मनीतील कारागिरी आणि उद्योग यांची सांगड घालणाऱ्या वेर्कबुंड या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक होते. फारसा अनुभव नसलेल्या या तरुणावर यशवंतरावांनी राजप्रासादाची जबाबदारी सोपवली. १९३० मध्ये काम सुरू झाले आणि १९३३ पर्यंत ते पूर्णत्वास गेले. जगभर आर्थिक मंदी असताना, युरोपमधील अनेक कार्यशाळांना ग्राहक मिळेनासे झाले असताना, इंदूरहून येणारी ही मागणी त्यांना आधार देणारी होती.

बर्लिन आणि पॅरिस येथे तयार झालेले सामान जहाजाने भारतात आले. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची ही इमारत बाहेरून साधी होती. तिचे वेगळेपण आत होते. सपाट भिंती, कोरीव कामाचा अभाव, वातानुकूलनाची सोय आणि योजनापूर्वक केलेली विद्युत प्रकाशयोजना ही तिची वैशिष्ट्ये. माळव्याच्या उन्हाळ्यात थंडावा देणारे घर हाच मुळात त्या काळी मोठा चमत्कार होता.

फर्निचरमध्ये पोलादाचे आणि अन्य धातूंचे वर्चस्व होते. ल कार्बुझिए, पिएर जानेरे आणि शार्लोत पेरियां यांनी १९२८ मध्ये आखलेले प्रसिद्ध आरामासन येथे होते. क्रोमियमचा मुलामा दिलेल्या नळ्यांची त्याची कमानदार चौकट काळ्या रंगाच्या पोलादी बैठकीवर हवी तशी पुढे-मागे सरकवता येते. त्यावर बिबट्याचे कातडे पसरलेले असे. यंत्रयुगाची चौकट आणि तिच्यावर शिकारीचे चिन्ह, असा तो संगम होता. बर्लिनच्या लुकहार्ट बंधूंच्या पोलादी नळ्यांच्या खुर्च्या, लुई सोन्यो आणि शार्लोत आलिक्स यांनी घडवलेले धातू व काचेचे पलंग, आयलीन ग्रे यांची लाकडी चौकटीला चकाकते धातूचे सांधे असलेली ट्रान्सॅट खुर्ची, एमिल-जाक र्युलमान यांचे आबनुसी मेज आणि इव्हान दा सिल्वा ब्रुन्स यांचे गालिचे यांनी दालने सजली. स्वतः मुटेझियस यांनी लाल रंगाची आरामासने तयार केली. वाचकाला सोयीचे व्हावे म्हणून त्यांच्यातच दिवे बसवले होते. राजांच्या आसनाने बसणाऱ्याचा दर्जा दाखवावा, ही जुनी अपेक्षा. त्याला पुस्तक नीट वाचता यावे, एवढीच या आसनाची अपेक्षा होती.

याचा अर्थ यशवंतरावांनी संपत्तीचा त्याग केला, असा नव्हे. फ्रेंच चित्रकार बेर्नार बुते द मोंवेल यांनी त्यांची दोन प्रसिद्ध चित्रे रंगवली. एकात ते काळ्या पाश्चात्त्य पोशाखात आहेत, तर दुसऱ्यात मराठा राजवेषात, पांढऱ्या वस्त्रांत आणि गळ्यात इंदूर पिअर्स या नावाने ओळखले जाणारे दोन मोठे हिरे घालून बसलेले आहेत. हे हिरे तुकोजीरावांनी पॅरिसच्या शोमे या पेढीकडून घेतले होते. हिऱ्याची किंमत त्याच्या वजनावर ठरते. पोलादी खुर्चीत कच्चा माल स्वस्त असतो; तिची किंमत आकार, अचूकता आणि विचार यांची असते. एकाच राजाच्या घरात श्रीमंतीची ही दोन मापे शेजारी शेजारी नांदत होती.

न बांधले गेलेले मंदिर

रोशे यांच्यामार्फत यशवंतरावांचा परिचय पॅरिसस्थित रुमानियन शिल्पकार कॉन्स्टन्टिन ब्रांकुशी यांच्याशी झाला. त्यांच्या अवकाशातील पक्षी या मालिकेतील तीन शिल्पे महाराजांनी घेतली. एक झळझळीत घासलेल्या कांस्याचे, एक काळ्या आणि एक पांढऱ्या संगमरवराचे. या शिल्पांसाठी इंदूरमध्ये एक ध्यानमंदिर बांधावे, अशी योजना पुढे आली. कोणत्याही एका पंथाचे नसलेले, प्रकाश आणि पाण्याच्या सान्निध्यात शांतपणे बसण्याचे ते स्थळ होणार होते.

परंतु जुलै १९३७ मध्ये संयोगिताबाईंचे स्वित्झर्लंडमध्ये निधन झाले. त्यांनी विशीची काही वर्षेच ओलांडली होती. मागे लहानगी कन्या उषाराजे होती. माणिकबागेची आखणी मुळात या दोघांच्या सहजीवनासाठी झाली होती. त्यातील अर्धे जीवन असे अवचित हरपले. ब्रांकुशी १९३८ च्या प्रारंभी इंदूरला आले खरे, परंतु मंदिराचे काम पुढे सरकले नाही आणि ते परत गेले. पुढे दुसरे महायुद्ध सुरू झाले व योजना कायमची मागे पडली. आधुनिक कलेच्या इतिहासात न घडलेल्या ज्या वास्तूंविषयी हळहळ व्यक्त होते, त्यांत इंदूरच्या या मंदिराचा समावेश होतो.

राज्यकर्ता आणि विलीनीकरण

यशवंतरावांना केवळ शौकीन रसिक मानणे अन्यायाचे होईल. १९४२ मध्ये, भारताचा राजकीय पेच शिगेला पोहोचला असताना, त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना उघड पत्र लिहून या प्रश्नात मध्यस्थीचे आवाहन केले. एका संस्थानिकाने असे पाऊल उचलणे ब्रिटिश सरकारला रुचणारे नव्हते. क्रिकेटलाही त्यांनी भक्कम आश्रय दिला. कर्नल सी. के. नायडू यांच्या नेतृत्वामुळे नावारूपास आलेल्या होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला. इंदूरचे मोठे शासकीय रुग्णालय आजही महाराजा यशवंतराव यांच्या नावाने ओळखले जाते.

त्याचबरोबर दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. परदेशातील दीर्घ वास्तव्यामुळे महाराज प्रजेपासून दूर राहतात, ही तक्रार त्यांच्या हयातीतच होत असे. माणिकबागेवरील खर्च हा अखेर संस्थानच्या महसुलातून आलेला होता आणि त्या महसुलाचा मोठा भाग माळव्यातील शेतकऱ्यांच्या श्रमाचा होता. कलेचा इतिहास या वास्तूचा गौरव करतो, तेव्हा हा ताळेबंदही दृष्टिआड होऊ नये.

स्वातंत्र्यानंतर इंदूर संस्थान मध्य भारत संघराज्यात विलीन झाले. २८ मे १९४८ रोजी अस्तित्वात आलेल्या या राज्याचे राजप्रमुखपद ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडे गेले आणि यशवंतराव उपराजप्रमुख झाले. १९५६ मध्ये मध्य प्रदेशची पुनर्रचना होईपर्यंत ते या पदावर होते. ५ डिसेंबर १९६१ रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

विखुरलेला ठेवा

पुढील काळात माणिकबाग शासनाच्या ताब्यात आली आणि आतील वस्तू तिच्यापासून दुरावल्या. मे १९८० मध्ये मोनॅको येथे झालेल्या लिलावात येथील फर्निचर विकले गेले आणि जगभरच्या संग्राहकांकडे पोहोचले. ब्रांकुशींचे दोन संगमरवरी पक्षी त्यापूर्वीच, १९७३ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने घेतले होते. ते आता कॅनबेरा येथे आहेत. २०१९ साली पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयाने यशवंतरावांवर विशेष प्रदर्शन भरवले, तेव्हा या विखुरलेल्या वस्तूंपैकी अनेक पुन्हा एका छताखाली आल्या. मात्र ते छत इंदूरचे नव्हते.

भारतीय घरांत पोलाद आले ते निराळ्या वाटेने. स्वयंपाकघरातील डबे आणि ताटे, गोदरेजची कपाटे, शाळा-कचेऱ्यांतील नळ्यांच्या खुर्च्या अशा रूपांत ते सामान्य माणसाच्या नित्य वापरात रुळले. ब्रॉयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे मूळ स्वप्न एका अर्थी तेथे साकार झाले. माणिकबागेतील खुर्च्या त्या स्वप्नाची राजेशाही आवृत्ती होत्या. त्या कोठे होत्या, कोणी मागवल्या आणि का गेल्या, याची नोंद त्या इमारतीत येणाऱ्या नागरिकाला वाचावयास मिळाली, तर माळव्यातील या मराठी राजाच्या आधुनिक दृष्टीचे स्मरण त्याच्या स्वतःच्या शहरातही टिकून राहील.