फादर थॉमस स्टीफन्स आणि परदेशातील नाताळ

मेळघाटाच्या डोंगरावरून थंड वारा परतवाड्यात उतरू लागला म्हणजे आपल्या धर्मग्रामात ख्रिस्तजन्माची तयारी सुरू होते. गव्हाणीसाठी गवत येते, चांदणीसाठी बांबूच्या कामट्या तासल्या जातात, घरोघरी करंज्या तळल्या जातात. आणि ह्याच दिवसांत कोणाच्या तरी घरी दूरदेशाहून मुलाचा निरोप येतो की, यंदाही येणे व्हावयाचे नाही. पूर्वी असा निरोप पुण्यामुंबईहून येई. आता तो आखाती देशांतून आणि त्याहूनही पलीकडून येतो. त्या निरोपात पुष्कळदा एक खंत असते : जेथे आपले गाव नाही, आपली माणसे नाहीत, कानांवर आपली भाषा नाही, तेथे नाताळ पाळावा तरी कसा?

ह्या खंतीवर उपदेश करण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु ज्याने आयुष्याचे सुमारे चाळीस नाताळ परदेशात पाळले, ज्याला स्वदेशी परतण्याची वाटच उरली नव्हती, आणि तरीही ज्याने ख्रिस्तजन्माची कथा आपल्या मराठी भाषेला कायमची देऊन ठेवली, अशा एका सत्पुरुषाचे चरित्र ह्या महोत्सवी स्मरणिकेत धर्मबांधवांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडातील विल्टशर परगण्यात, बुश्टन ह्या खेड्यात, सुमारे १५४९ साली झाला. त्यांचे वडील व्यापारी होते. थॉमस दहा वर्षांचे होण्याच्या सुमारास, १५५९ साली, राणी एलिझाबेथच्या राजवटीत जुन्या धर्माच्या उपासनेस कायद्याने बंदी झाली. ज्या मिस्सेने नाताळची मध्यरात्र पवित्र होते, ती मिस्सा आता दारे लावून, दिवे झाकून, पहारा ठेवून करावी लागे. म्हणजे स्टीफन्स हे परदेशी जाण्यापूर्वीच एका अर्थी परदेशी झाले होते; ज्या भूमीत जन्मले, त्याच भूमीत त्यांचा सण चोरून पाळावयाचा झाला होता.

तरुणपणी थॉमस पाउंड नावाच्या एका सधन गृहस्थाशी त्यांचा स्नेह जडला. दोघांचाही धर्म एक, दोघांचीही इच्छा एक : रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करावा. संशय येऊ नये म्हणून पाउंड धनी आणि स्टीफन्स त्यांचा चाकर, असा वेष घेऊन ते वावरत. परंतु निघण्याच्या बेतात असतानाच पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि १५७५ साली येशूसंघात दाखल झाले. पुढे ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बन बंदरातून त्यांचे जहाज सुटले, आणि सहा महिन्यांहून अधिक काळ वादळे व रोगराई सोशीत, आफ्रिकेस वळसा घालून ते २४ ऑक्टोबर रोजी गोव्यास लागले. थोड्याच दिवसांत त्यांनी वडिलांना ह्या प्रवासाचे सविस्तर पत्र लिहिले. हिंदुस्थानात येऊन स्थायिक झालेला ज्ञात असा पहिला इंग्रज म्हणून त्यांचे नाव इतिहासात नोंदले गेले आहे.

गोव्यात ते दुहेरी परके होते. राज्य पोर्तुगिजांचे, त्यांत हे इंग्रज; आणि ज्या साष्टी महालात त्यांची नेमणूक झाली, तेथील रयतेच्या दृष्टीने तर इंग्रज काय आणि पोर्तुगीज काय, दोघेही सारखेच. शिवाय तो काळ मोठा कठीण होता. पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील देवळे पाडली होती, जुनी पुराणे व पोथ्या जप्त केल्या होत्या. लोकांच्या मनांत त्याचा सल होता. १५८३ च्या जुलै महिन्यात कुंकळ्ळी येथे येशूसंघाचे पाच जण मारले गेले. त्यांचे देह मिळवून आणण्याचे दुःखद काम स्टीफन्स यांच्याकडे आले. पुढे पोर्तुगिजांनी त्या गावच्या प्रमुखांना बोलावून आणून ठार केले. हे सत्य आम्ही ख्रिस्ती लोकांनी झाकून ठेवू नये. कारण अशा रक्ताळलेल्या भूमीत शांतीच्या राजाची कथा सांगणे किती अवघड होते, हे त्यावाचून उमगत नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांच्या धर्माची आणखी एक परीक्षा झाली. राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे दोन सोबती असे चार इंग्रज गोव्यात कैद करून आणण्यात आले. ते एलिझाबेथ राणीच्या राज्यातले व्यापारी. त्याच राज्याच्या कायद्याने स्टीफन्स यांचे संघबंधू एडमंड कँपियन यांना १ डिसेंबर १५८१ रोजी लंडनात फाशी दिली होती. स्टीफन्स यांनी तोंड फिरवले असते तर त्यांना दोष देणारा कोणी नव्हता. परंतु त्यांनी दुसऱ्या एका धर्मगुरूंच्या साह्याने ह्या कैद्यांसाठी जामीन मिळवून दिला, आणि फिच यांच्या नोंदीप्रमाणे २२ डिसेंबर रोजी, म्हणजे नाताळच्या तोंडावर, ते चौघे तुरुंगाबाहेर आले. परदेशात नाताळ कसा पाळावा, ह्याचा पहिला धडा आम्हांस येथे सापडतो : ज्याला कोठेच जागा मिळत नाही, त्याच्यासाठी दार उघडावे. बेथलेहेमात ते उघडले गेले नव्हते.

ह्याच काळात पंचांगानेही त्यांना मायदेशापासून दूर लोटले. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली कालगणना सुधारली. ती कॅथॉलिक राज्यांनी स्वीकारली, पण इंग्लंडाने १७५२ पर्यंत मानली नाही. त्यामुळे नव्या गणनेप्रमाणे जो दिवस नाताळचा, तो इंग्लंडात नाताळपूर्वीच दहा दिवस येऊन जाई. घरच्या मंडळींबरोबर एकाच दिवशी सण साजरा करीत आहोत, एवढे समाधानही आता स्टीफन्स यांना उरले नाही.

मग त्यांनी काय केले? ते गावाकडच्या आठवणी काढीत बसले नाहीत. ज्या लोकांमध्ये राहावयाचे, त्यांची भाषा त्यांनी शिकून घेतली. आणि ती केवळ बाजारहाटापुरती नव्हे. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांच्या घडणीचे ग्रीक व लॅटिन भाषांशी असलेले साम्य नमूद केले. ही गोष्ट विद्वानांच्या ध्यानात येण्यास पुढे दोनशे वर्षे लागली. त्यांनी कोकणी भाषेचे व्याकरण लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली, रायतूर येथे छापले गेले, आणि भारतीय भाषेचे पहिले छापील व्याकरण म्हणून ते मान्यता पावले आहे.

परंतु त्यांचे मोठे काम निराळेच होते. नव्या ख्रिस्ती लोकांची खरी अडचण त्यांनी ओळखली. पूर्वी ह्या लोकांना पुराणश्रवणाची गोडी होती. ती पुराणे त्यांच्याकडून काढून घेतली गेली, पण त्या जागी मन रमेल, कान तृप्त होतील असे काही दिले गेले नव्हते. लॅटिन भाषेतील मिस्सा ते श्रद्धेने पाहत; परंतु बाळ येशूची कथा त्यांच्या ओठांवर येत नव्हती, कारण ती त्यांच्या छंदात नव्हती. सण होता, पण सणाची कहाणी नव्हती. म्हणून स्टीफन्स यांनी मराठीत, कोकणी शब्दांचा साज चढवून, ख्रिस्तपुराण रचले.

ज्या मराठीच्या आद्य गद्याची पहाट आपल्याच अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपुरात, महानुभावांच्या लीळाचरित्रात झाली, ज्या मराठीत ज्ञानेश्वरांनी ओवी अमर केली, आणि ज्या मराठीत स्टीफन्स यांच्याच हयातीत पैठणला एकनाथ लिहीत होते, त्याच मराठीत विल्टशरच्या ह्या सुपुत्राने सुमारे ११,००० ओव्या लिहिल्या. जी ओवी आमच्या आजीने पहाटे जात्यावर म्हटली, तिची ही बहीणच होय. ग्रंथाच्या आरंभी त्यांनी मराठीची जी स्तुती केली आहे, ती मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांना ठाऊक असेल.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्या पिढ्यांची कथा येते. दुसऱ्यात तो तारणारा जन्मास येतो. पहिल्याचे ३६ अध्याय, दुसऱ्याचे ५९. त्या अध्यायांना तेथे अवस्वर म्हटले आहे. म्हणजे ३६ अवस्वर केवळ प्रतीक्षा! आम्हांस तर पहिले पुराण म्हणजे एक दीर्घ आगमनकाळच वाटतो. आणि जेव्हा कथा गव्हाणीपाशी पोहोचते, तेव्हा श्रोत्याला ती परक्या मुलखातली वाटत नाही. स्वर्गाला तेथे वैकुंठ असा त्याच्या घरचा शब्द आहे, आणि कथा सांगणारा गुरू पुराणिकासारखा शंका ऐकून त्यांचे निरसन करीत कथा पुढे नेतो.

हा ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे छापला गेला, आणि रविवारी मिस्सेनंतर तो देवळांतून वाचला जाऊ लागला. एक गोष्ट मात्र मनासारखी झाली नाही. येथील लिपीचे खिळे पाडण्याची परवानगी मिळावी, म्हणून स्टीफन्स यांनी १६०८ साली रोममधील आपल्या वरिष्ठांना लिहिले होते; ते साधले नाही, आणि मराठी पुराण रोमन अक्षरांत छापावे लागले. १६१९ साली गोव्यातच त्यांनी देह ठेवला. मायदेशाचे दर्शन त्यांना पुन्हा घडले नाही.

परंतु नाताळची कथा त्यांच्याबरोबर थांबली नाही. १६४९ आणि १६५४ साली पुराणाच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे, असे फर्मान काढले. दुष्काळ, लढाया आणि धर्मन्यायालयाचा जाच ह्यांमुळे हजारो ख्रिस्ती कुटुंबे गोवा सोडून दक्षिणेस कानडा मुलखात, मंगळूरकडे गेली. आता ही माणसे परदेशी झाली. त्यांनी बरोबर काय नेले? ख्रिस्तपुराणाच्या हस्तलिखित प्रती नेल्या. १७८४ साली टिपू सुलतानाने कानडातील ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणच्या बंदिवासात नेले. १७९९ पर्यंत, जवळजवळ पंधरा वर्षे, ते तेथे होते. ह्या बंदिवासात पुराणाच्या पठणानेच आपल्या पूर्वजांची श्रद्धा टिकली, असे त्यांचे वंशज सांगत आले आहेत. ज्या ग्रंथाचा कर्ता परका होता, तो ग्रंथ परागंदा झालेल्यांचे घर बनला.

त्या घरोघरी जपलेल्या प्रतींच्या आधारेच जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे पुराण पुन्हा छापले. आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुणे येथे संपूर्ण ग्रंथ देवनागरीत प्रसिद्ध केला. स्टीफन्स यांची ती इच्छा अशी ३४० वर्षांनी सफळ झाली.

आता पुन्हा आपल्या गावाकडे वळू. परतवाडा हे इंग्रजी अमदानीत अचलपूरच्या छावणीचे ठाणे होते. येथे राहिलेल्या साहेबांनीही आपापल्या परीने मायदेशाचा नाताळ पाळला असेल. परंतु तो त्यांनी आपल्यापुरता पाळला, म्हणून ते गेले तेव्हा तोही गेला. ह्याउलट, दूर सव्हॉय प्रांतातून संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या संघाचे जे धर्मगुरू नागपूर मिशनातून वऱ्हाडात आले, त्यांनी येथील माणसांत मिसळून आपले जीवन वेचले. त्यांचा नाताळ मात्र राहिला, आणि १९५५ साली अमरावतीचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, त्यामागे त्यांचेही श्रम आहेत. जो सण वाटून घेतला जातो तोच टिकतो, हे ह्यावरून उघड होते.

म्हणून ज्यांची मुले दूरदेशी आहेत, त्या मातापित्यांस आमचे एवढेच सांगणे आहे. करंज्यांचा डबा जरूर पाठवावा. पण त्याबरोबर कथाही पाठवावी. संत लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय नाताळच्या रात्री मराठीत वाचला जावा, आणि नातवंडांनी तो आजीच्या तोंडून, दूरध्वनीवरून का होईना, ऐकावा. आणि त्या परक्या गावी शेजारी जो कोणी एकटा असेल, मग तो कोणत्याही भाषेचा वा धर्माचा असो, त्याला त्या दिवशी पंगतीस बोलवावे. फादर स्टीफन्स यांनी ह्याहून निराळे काही केले नाही.

आपल्या धर्मग्रामाच्या ह्या आनंदोत्सवी, ज्याला जन्मतः सराईत जागा मिळाली नाही तो बाळ येशू, घरापासून दूर असलेल्या आपल्या सर्व लेकरांच्या जवळ राहो, आणि जेथे असतील तेथे त्यांची गव्हाण मांडली जावो, हीच त्या प्रभूच्या चरणी आमची नम्र प्रार्थना.